मामांकडून सप्रेम भेट

भाची खुशीच्या लग्नात आपलं नाव माइकवरून सगळ्यांत आधी वाचलं गेलं पाहिजे, असं इश्वरभाऊ लांजेवारांनी ठरवलं तेव्हा ते दाढी करत होते. मोठे निर्णय ते दाढी करतानाच घेत. बायकोनं, रुखमाबाईंनी, मध्येच काही विचारलं तर गालावर साबण असल्यामुळे उत्तर द्यावं लागत नसे.

आता माइकचा आणि मामाचा संबंध काय, हे सांगायला हवं. आमच्याकडे लग्न लागलं, पंगती उठल्या, की मांडवात आंदण मांडतात. कूलर, कपाट, दिवाण, पाण्याचा पितळी गुंड, ताटं, सगळं ओळीनं. मग माइकवाला एकेका वस्तूजवळ जाऊन तिच्यावर कोरलेलं नाव वाचतो आणि सारा मांडव कान देऊन ऐकतो. थोरली भाची नीतू हिच्या लग्नात इश्वरभाऊंनी खास भंडाऱ्याहून आणलेली पितळेची पाच भांडी दिली होती. त्यांचा चुलतभाऊ मुरारी, जो नात्यानं मामाच पण चुलत, त्यानं फ्रिज दिला. माइकवाल्यानं फ्रिज सुरुवातीला वाचला, मध्ये वाचला आणि लाइट जाऊन परत आल्यावर पुन्हा वाचला. सख्ख्या मामाचं नाव आलं ते ‘स्टीलचे गिलास, मित्रमंडळ’ आणि ‘एक भिंतीवरचं घड्याळ, नाव नाही’ यांच्या मधोमध. इश्वरभाऊ पंचायत समितीत वरिष्ठ सहायक आहेत. जन्मभर लोकांची नावं यादीत वर-खाली करणाऱ्याला स्वतःचं नाव खाली गेल्याचं दुःख जरा जास्तच कळतं.

लाखांदुरात बातमी फुटायला वेळ लागत नाही. इश्वरभाऊ मोठं काही देणार, हे कळताच गल्ली सल्ला घेऊन दारात आली. शेजारच्या विमलाबाई म्हणाल्या, “शिलाई मशीन द्या जी. पोरगी पायावर उभी राहीन.” पुढच्या गल्लीतले एक गुरुजी म्हणाले, ग्रंथ द्या. त्यांना चहासुद्धा अर्धाच मिळाला. शेवटी समोरच्या घरातून मुरारी दात कोरत आला आणि ओट्यावर बसला.

“मी त सोफा देऊन राहिलो, इश्वरभाऊ. कोपऱ्याचा,” तो म्हणाला. “तुमी कायले टेन्शन घेता? गुंड द्या. लोकं समजून घेतात.”

या ‘समजून घेतात’नं घात केला. गुंड कायमचा बाद झाला.

पण द्यायचं काय? कूलर, टीव्ही, वॉशिंग मशीन, सगळं कोणी ना कोणी देऊन झालं होतं. पूर्वी माणसाला वस्तू लागायची म्हणून तो दुकानात जायचा. आता वस्तूलाच माणूस लागतो आणि ती त्याला शोधत घरी येते. इश्वरभाऊंनी मोबाईलवर एकदा, फक्त एकदा, कपबशा पाहिल्या होत्या. त्या दिवसापासून मोबाईलनं त्यांना सोडलं नाही. कपबशांमागून ताटं आली, ताटांमागून गॅसच्या शेगड्या, आणि एका सकाळी एक पांढरंशुभ्र स्वयंपाकघर आलं. त्यात एक बाई खुर्चीवर बसून चहा पीत होती आणि शेजारी एक चौकोनी मशीन आपली आपण भांडी धूत होती.

असं आंदण अख्ख्या जिल्ह्यात कोणी दिलं नसेल! इश्वरभाऊंचं अंग शहारलं. त्यांनी ते चित्र रुखमाबाईंना दाखवलं.

रुखमाबाईंनी हातातली राख झटकून नीट पाहिलं. “अजी, इतके वर्स मी भांडे घासून राहिली, तवा तुमाले हे मशीन नाही दिसलं काय?”

इश्वरभाऊंनी घाईघाईनं गालाला साबण लावला.

मशीन आली. म्हणजे बसस्टँडपर्यंत आली. गाडीवाला फोनवर म्हणाला, “नकाशात तुमचं घर धानाच्या बांधीत दाखवून राहिलं, काका. मी काही चिखलात गाडी घालत नाही.” मग इश्वरभाऊंनी हातगाडी केली. बसस्टँडवरून घरी यायला सरळ रस्ता आहे. पण त्यांनी हातगाडी बाजारातून घेतली, शाळेवरून घेतली आणि मुरारीच्या दारासमोर चाकात खडा अडकल्याचं निमित्त करून थोडी थांबवली. खोक्यावर ‘हे वर’ असा बाण होता. तो वर आहे की नाही, हे त्यांनी तिथं बराच वेळ तपासलं.

खोकं उघडताच पहिलं काम नाव घालण्याचं. यात हयगय चालत नाही. बिननावाची भेट पाहिली की लोक म्हणतात, कोणाच्या तरी लग्नातली फिरून आली. शिवाय लग्नसराईत नाव घालणारा विक्की मिळणं म्हणजे नशीब. तो विजेची कोरणी घेऊन गावोगाव फिरत असतो आणि त्या दिवशी नेमका मोकळा होता. मशीनचा दरवाजा चकचकीत पत्र्याचा, चांगला ऐसपैस. विक्कीनं आयुष्यात एवढी मोठी जागा पाहिली नव्हती. लोट्याच्या गळ्याशी ‘इ. लां.’ एवढंच मावतं. इथं तो म्हणाला, “सांगा काका, मन भरून सांगा.”

इश्वरभाऊंनी मन भरून सांगितलं. मसुदा त्यांनी कार्यालयातच करून ठेवला होता. ‘चि. सौ. कां. खुशी हिच्या शुभविवाहप्रीत्यर्थ तिचे सख्खे मामा श्री. इश्वर लांजेवार, वरिष्ठ सहायक, लाखांदूर, यांजकडून सप्रेम भेट.’ ‘सख्खे’च्या खाली रेघ मारून घेतली. कोरणी टरटरत होती आणि इश्वरभाऊंचा ऊर भरून येत होता. लगेच फोटो काढून त्यांनी तो मोबाईलच्या स्टेटसवर टाकला. खाली लिहिलं, ‘लाडक्या भाचीसाठी. आता भांडी घासणे कायमचे बंद.’

“चालवून त पाहा,” रुखमाबाई म्हणाल्या. “न पाहताच देता काय?”

तो एक समारंभच झाला. नळवाल्याला बोलावून टाकीपासून नळी ओढली. विमलाबाई आपली खुर्ची घेऊन आल्या. मुरारी आला, त्याची बायको आली, गुरुजी ग्रंथाचा राग विसरून आले. रुखमाबाईंनी माहेरचा पितळी गंज, म्हणजे उभं पातेलं, लोटे आणि वाट्या आत रचल्या. कंपनीनं दिलेली साबणाची वडी टाकली. इश्वरभाऊंनी बटण दाबलं आणि दोन्ही हात मागं बांधून उभे राहिले, जसे ते ध्वजारोहणाला उभे राहतात.

मशीन आधी गप्प बसली. मग तिनं पाणी ओढलं आणि आतून घशातले आवाज सुरू झाले.

“आतमंदी कोणी गुळण्या करून राहिलं काय?” विमलाबाईंनी विचारलं.

चहा झाला. पोहे झाले. लोक घरी जाऊन जेवून आले. मशीनच्या गुळण्या चालूच. मुरारी जांभई देऊन म्हणाला, “एवढ्या टायमात पंगतीचे भांडे निंघाले असते गा.” शेवटी ती एकदाची टींग वाजली. इश्वरभाऊंनी पडदा बाजूला सारावा तसा दरवाजा उघडला. आतून वाफ निघाली आणि वाफेमागून भांडी दिसली.

काळी. गंज काळा, लोटे काळे, वाट्यांवर काळे-तांबडे डाग. पितळ या मशीनमध्ये घालू नये, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं. पण पुस्तिका इश्वरभाऊंनी जपून ठेवायची म्हणून कपाटात ठेवली होती, वाचायची म्हणून नाही. भंडारा जिल्ह्यातल्या माणसानं पितळ आत घातलं नाही तर घालायचं काय, हाही प्रश्नच आहे.

गल्लीनं एकमेकांकडे पाहिलं. कोणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

रुखमाबाईंनी चिंच भिजत घातली, मीठ आणलं, राखेचं टोपलं मोरीजवळ ठेवलं आणि पाट मांडला. “मशीन तुमची. काम तुमचं,” एवढंच म्हणाल्या.

इश्वरभाऊ पाटावर बसले. पहिला लोटा घासताना त्यांना वाटलं, यात काय आहे. दुसऱ्याला बोटांच्या चिरांत चिंच झोंबू लागली. गंजाच्या वेळी कंबर बोलायला लागली. ही भांडी ही बाई रोज घासते, सणावाराला तर ढीग असतो, आणि आपण कधी साधं ‘दे इकडे’ म्हटलं नाही. त्यांना लाज वाटली. मुरारीसमोर वाटते ती नव्हे, दुसरीच. ती कुठं ठेवावी हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी गंज आणखी जोरात घासला.

तेवढ्यात कुंपणावरून मुरारीचं डोकं वर आलं. “इश्वरभाऊ, मशीन चालू झाली वाटते!”

मशीन परत करायची, हे ओल्या हातानंच ठरलं. कंपनीला फोन लावला तर आधी एक दाबा, मग चार दाबा, मग वाट पाहा, मग सतार. शेवटी एक मुलगी आली आणि इतक्या गोडव्यानं खेद व्यक्त करू लागली की इश्वरभाऊंना तिचीच दया आली. त्यांनी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’पासून सुरुवात केली. ती म्हणाली, सर, परत करण्याचं कारण मोबाईलवर निवडा. मोबाईलवर कारणं होती. रंग आवडला नाही. आकार लहान पडला. मन बदललं. ‘भांडी काळी झाली आणि गल्लीत तोंड दाखवायला जागा राहिली नाही’ असं कारण त्यांच्या यादीत नव्हतं. इश्वरभाऊंनी ‘आकार लहान पडला’ निवडलं. घरातला गुंड आत मावला नव्हता, तेव्हा ते खोटंही नव्हतं.

मशीन न्यायला माणूस आला. त्यानं दरवाजावरचा मजकूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. मग परत वाचला.

“काका, हे इश्वर लांजेवार कोण होय?”

“मी.”

“अना खुशी?”

“भाची माही.”

“मंग आता ही कंपनीची कशी होईन? तुमी त भाचीले देऊन टाकली. लिहूनच दिलं नं.” आणि तो चहा पिऊन निघून गेला.

इश्वरभाऊंनी विक्कीला नाव पुसायला बोलावलं. विक्की म्हणाला, “पुसता येते काका, पण मंग आरपार भोक पडते.” भंडाऱ्यातल्या एका दुकानदाराला फोन करून निम्म्यात घेतो का, विचारलं. त्यानं फोटो मागवला, पाहिला आणि म्हणाला, “खुशी नावाची नवरी अना इश्वर नावाचा मामा, असं गिऱ्हाईक आलं का कळवतो.” या जगात काहीही विकता येतं, बदलता येतं, परत करता येतं, असं इश्वरभाऊ ऐकून होते. त्यांच्या नावानं ती सोय बंद केली होती.

आणि मग आसगावहून देवकाबाईचा फोन आला. देवकाबाई म्हणजे खुशीची आई, इश्वरभाऊंची धाकटी बहीण. ती रडत होती.

“भाऊ, तू काय पाठवून राहिला? पोराकडून, सिहोऱ्याहून निरोप आला. तुवा काही फोटो टाकला म्हणे मोबाईलवर, कोणीतरी बायजाबाईच्या कानावर घातलं. पोराची माय म्हणते, तुमच्या पोरीले भांडे घासता येत नाही काय? का आमी सुनेले मोलकरीण समजतो म्हणून मामा मशीन देऊन राहिला?”

“अवं, मी त चांगल्यासाठीच...”

“मले माहीत हाय. पण बायजाबाई अडून बसली. म्हणते, आधी पोरीच्या हातचे भांडे पाहीन.” देवकाबाईनं नाक ओढलं. “भाऊ, काही देऊ नको. तू फक्त येऊन उभा राय. मामा उभा राहिला का झालं.”

फोन ठेवून इश्वरभाऊ मशीनसमोर आले. दरवाजावरच्या अक्षरांत त्यांचाच चेहरा तुटक तुटक दिसत होता. माइकवरच्या नावापायी पोरीचं लग्न अडलं होतं. त्यांनी स्टेटस काढून टाकलं, मशीनवर जुनी चादर टाकली आणि रुखमाबाईंना म्हणाले, “गुंड घेऊन येतो.”

“नाव घालता काय?”

“छोटंसं घालतो,” इश्वरभाऊ म्हणाले.

मशीन येणार नाही, या निरोपानं समजूत पटली, बायजाबाई नरमल्या आणि लग्न ठरल्या दिवशी आसगावला लागलं. इश्वरभाऊ आणि रुखमाबाई आदल्या दिवशीच एसटीनं गेले. घराची किल्ली विमलाबाईंकडे ठेवली. मामानं भाचीला बोहल्यावर आणलं, अंतरपाटामागं उभं केलं, अक्षता पडल्या. पंगती उठल्या आणि आंदण मांडलं गेलं. माइकवाल्यानं वाचलं, ‘मामा इश्वर लांजेवार, एक गुंड’. अलीकडे टेबलफॅन होता, पलीकडे चमच्यांचा डबा. इश्वरभाऊंनी मान खाली घालून ते गिळलं. भाची बोहल्यावर हसत होती. आपल्याला तेवढं पुरायला हवं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. तरी दुखलं ते दुखलंच.

एवढ्यात मांडवाच्या तोंडाशी टेम्पो लागला. मुरारी पुढच्या सीटवरून उतरला, फेटा बांधून. मागं कोपऱ्याचा सोफा होता. आणि सोफ्याच्या कुशीत, चादर काढून, पुसून चकचकीत केलेली मशीन.

“इश्वरभाऊ!” मुरारी साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडला. “तुमी त मशीन घरीच इसरून आले! विमलाबाईकडून किल्ली घेतली अना आणली. भावासाठी एवढं नाही करीन काय?”

चार जणांनी मशीन उतरवून मधोमध ठेवली. माइकवाल्याला एवढा मजकूर कधी मिळाला नव्हता. त्यानं खाकरून ‘चि. सौ. कां.’पासून ‘सप्रेम भेट’पर्यंत सगळं वाचलं, ‘सख्खे’वर जोर देऊन. देवकाबाईनं पदर तोंडाला लावला. आणि बायकांच्या घोळक्यातून बायजाबाई उठल्या.

बायजाबाई म्हणजे उंच, ठसठशीत बाई. त्या मशीनसमोर येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“मामाजी, हे काय होय?”

इश्वरभाऊंच्या गालावर त्या वेळी साबण नव्हता. उत्तर देणं भाग होतं. त्यांनी एकदा मुरारीकडे पाहिलं, एकदा खुशीकडे.

“दुधाचं कपाट,” ते म्हणाले.

“कायचं?”

“दुधाचं कपाट, जी. नवीन आलं आता.” त्यांनी दरवाजा उघडला. एकदा खोटं तोंडातून निघालं की त्याला कार्यालयीन शिस्त लागते, आणि इश्वरभाऊंचा आवाज आपोआप माहिती देण्याचा झाला. “दरवाजा असा घट्ट लागते. मुंगी जात नाही, मांजर त लांबच.”

मांजराचं नाव ऐकताच बायजाबाई वाकल्या. त्यांच्या घरी एक बोका होता आणि त्यानं त्यांच्या दुधावरच्या सायीवर कैक वर्षं राज्य केलं होतं. “अना हे खाचे खाचे?”

“दह्याच्या वाट्या ठेवायले.”

“मांगं नळी कायची?”

“हवा जायले. दूध नासत नाही.”

बायजाबाईंनी आतलं पाणी उडवणारं पातं बोटानं फिरवलं. ते गर्रकन फिरलं. “अना हे?”

“मांजराले भेव दाखवायले,” ते म्हणाले.

“अवं माय!” बायजाबाईंनी पातं आणखी एकदा फिरवलं. “मंग ते भांडे घासायची मशीन म्हणत होते, ते?”

“लोकायले काय जी. पाहिलं नाही कधी, त काही बी बोलतात.”

“अरे, काहून खोटं बोलून राहिले?” मुरारी पुढं सरसावला. “बायजाबाई, मी सांगतो, ही त...”

“मुरारीमामा!” आवाज बोहल्यावरून आला. मुंडावळ्या बाजूला सारून खुशी बोलत होती. “तुमचा सोफा अजून टेम्पोतच हाय. पाव्हण्यायले बसायले जागा नाही. उतरवा नं लवकर.”

नवरीनं सांगितल्यावर काय करणार? मुरारी सोफा उतरवायला गेला. सोफा मांडवाच्या खांबात अडकला तो संध्याकाळपर्यंत तिथंच अडकून राहिला. इकडे बायजाबाईंनी माइकवाल्याला बोलावून सांगितलं, “परत वाच. मामाजीनं दुधाचं कपाट दिलं म्हणून वाच.” त्यानं दोनदा वाचलं.

पाठवणीच्या वेळी खुशी इश्वरभाऊंच्या पाया पडली आणि उठताना हळूच म्हणाली, “मामा, मले माहीत हाय ते काय होय. मोबाईलवर पाहिलं हाय मी.”

“मंग बोलली काहून नाही?”

“त्याच्यावर तुमचं नाव हाय नं,” खुशी म्हणाली.

इश्वरभाऊ लग्नात रडले नव्हते. तेव्हा रडले, आणि लोकांनी त्याला पाठवणीचं रडणं समजून पाठीवर हात ठेवला.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. साऱ्या सोयऱ्यांनी त्या दिवशी त्या गावी जायचं, जेवायचं, जत्रा पाहायची. सिहोऱ्याच्या मंडईला इश्वरभाऊ आणि रुखमाबाई खुशीच्या घरी गेले. बायजाबाईंनी मशीन स्वयंपाकघरात नव्हे, समोरच्या खोलीत ठेवली होती, दरवाजावरचा मजकूर दारातून दिसेल अशी. आत दूध, दही, लोण्याचा गोळा. बोका बाहेर बसून नुसता पाहत होता. येईल त्या पाहुणीसमोर बायजाबाई दरवाजा उघडत, पातं फिरवून दाखवत आणि म्हणत, “आमच्या मामाजीनं देलं.” पाहुण्या घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांशी बोलत होत्या.

त्यानंतर एका रविवारी इश्वरभाऊ मोरीपाशी पाटावर बसून पितळी गंज घासत होते. रविवारचं पितळ आता त्यांच्याकडे होतं. रुखमाबाईंनी ते मागितलं नव्हतं आणि त्यांनीही जाहीर केलं नव्हतं. कुंपणाचं दार वाजलं. मुरारी आत आला आणि या वेळी दात न कोरता, ओल्या फरशीवर उकिडवा बसला.

“इश्वरभाऊ, गुड्डीचं जमलं,” तो म्हणाला. गुड्डी ही त्याची मुलगी. “सिहोऱ्यालेच. पोरगं चांगलं हाय. पण तिची सासू म्हणते, बायजाबाईच्या घरी हाय तसंच दुधाचं कपाट पाहिजे. समोरून नाव घातलेलं. फ्रिज देतो म्हटलं त म्हणते, फ्रिज त सारेच देतात.”

इश्वरभाऊ गंज फिरवून मागची बाजू घासू लागले. “मंग?”

“मंग काय, कोठून मागवलं ते सांगा. विक्कीले बी बोलावून ठेवतो.” मुरारीनं खाली मान घालून विचारलं, “अना ते लावायचं कसं असते? नळवाला सांगून ठेवू काय?”

इश्वरभाऊंनी गंजावर पाणी ओतलं. पितळ सोन्यासारखं निघालं होतं. त्यांनी ते उन्हात पालथं घातलं आणि हात पुसले.

“मुरारी, कपाट होय ते,” ते म्हणाले. “पाण्याले जोडू नको.”